पंधरा टक्क्यांचा करार

२५ सप्टेंबर १९६५ रोजी बोनसच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. बरोबर दहा वर्षांनी, २५ सप्टेंबर १९७५ला, त्याच कायद्याचे पंख छाटणारा वटहुकूम निघाला. तारीख मुद्दाम निवडली असेल असे वाटत नाही. सरकारला तेवढी विनोदबुद्धी त्या वर्षी उरलेली नव्हती. आणीबाणीला तीन महिने पूर्ण झाले होते आणि दिवाळी पाच-सहा आठवड्यांवर आली होती. किमान बोनस ८.३३ टक्क्यांचा ४ टक्के झाला. तोही त्या एका वर्षापुरता पक्का. पुढच्या वर्षापासून आस्थापनेकडे वाटपायोग्य शिल्लक असेल तर बोनस, नसेल तर नाही.

त्या दिवाळीत अकोल्यासारख्या गावात सरकारी मालकीच्या छपराखाली काम करणारी माणसे काही एका जातीची नव्हती. सावतराम रामप्रसाद मिल १ एप्रिल १९७४पासून सरकारची झाली होती. देशभरातल्या १०३ आजारी गिरण्या ज्या कायद्याने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या, त्यांतली ती एक. स्टेशनात दोन रेल्वे भेटत: भुसावळ-नागपूर ही मध्य रेल्वेची मोठी लाइन आणि खंडवा-पूर्णा ही दक्षिण मध्य रेल्वेची मीटरगेज. जिल्ह्यातल्याच पारसला वीज मंडळाचे औष्णिक केंद्र होते. आणि गावोगाव होते तसे आयुर्विम्याचे कारकून होते. पगार सगळ्यांचा शेवटी सरकारकडूनच यायचा, पण बोनसच्या बाबतीत प्रत्येकाचा हिशेब वेगळा होता. एकाच वटहुकमाने कोणाचे किती गेले, हे बघितले की त्या काळातला कामगार कोणाकोणात वाटला गेला होता ते चांगले उमगते.

त्याआधी बोनसच्या वंशावळीबद्दल थोडे. दर दिवाळीत मोबाइलवर एक मजकूर फिरतो: इंग्रजांनी आठवड्याचा पगार बंद करून महिन्याचा सुरू केला, त्यात मजुराचे चार आठवडे बुडाले, त्याची भरपाई म्हणजे बोनस. गणित सुबक आहे, इतिहास मात्र तसा घडलेला नाही. मुंबईच्या गिरण्यांत १९१७ साली महागाई भडकली तेव्हा मालकांनी दहा टक्के युद्ध-बोनस दिला आणि नंतर तो वाढवत नेला. युद्ध संपले, नफा तुफान होता, म्हणून १९१९पासून वर्षाकाठी महिन्याच्या पगाराएवढी रक्कमही मिळू लागली. १९२३चा बोनस मालकांनी नाकारला आणि १९२४च्या जानेवारीत गिरण्या थांबल्या. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या समितीने निकाल दिला की कामगाराचा बोनसवर रूढीने, कायद्याने किंवा न्यायबुद्धीने कोणताच हक्क पोचत नाही. मार्चअखेर संप मोडला. बोनस म्हणजे मालकाची मर्जी, ही समजूत त्या निकालाने आणखी पंचवीसएक वर्षे तगवली. ती तुटली १९५०मध्ये. मुंबईच्याच गिरणी मालकांच्या आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघाच्या वादात कामगार अपील न्यायाधिकरणाने नफ्यातून काय काय वजा करून उरलेले कसे वाटायचे, याचे सूत्र ठरवले. मग मेहेर आयोग, मग १९६५चा कायदा आणि त्यात तोटा असो की नफा, ४ टक्के किमान. १९७२मध्ये हे किमान ८.३३ टक्क्यांवर गेले. बारा महिन्यांचा पगार आणि वर एक, असा तो साधा हिशेब.

म्हणजे १९७५ला जे काढून घेतले ते कामगाराने जेमतेम तीन वर्षे हातात धरलेले होते.

रेल्वेवाल्यांच्या हातात तर तेही कधी आले नव्हते. सरकारचे म्हणणे ठरलेले: रेल्वे हे सरकारी खाते, तिथे नफ्याचा प्रश्नच नाही, मग बोनस कसला? शेजारच्या सरकारी कारखान्यातल्या फिटरला बोनस आणि इंजिन शेडमधल्या फिटरला नाही, हे अन्याय्य आहे हे समजायला कोणत्याही संघटनेच्या पत्रकाची गरज नव्हती. ८ मे १९७४ला जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली देशभरातला रेल्वे संप सुरू झाला तेव्हा कामाचे आठ तास, सार्वजनिक क्षेत्राइतका पगार या मागण्यांबरोबर बोनसची मागणी अग्रभागी होती. फर्नांडिस यांना आधीच, २ मेला लखनौत उचलले होते. हजारो कामगार तुरुंगात गेले. रेल्वे वसाहतींतून कुटुंबांना क्वार्टर सोडायला लावले. मध्येच १८ मेला पोखरणला अणुस्फोट झाला आणि वर्तमानपत्रांचे पहिले पान तिकडे गेले. २७ मेला संप मागे घेतला गेला, पदरात काही न पडता.

संप मोडल्यावर सहा आठवड्यांत, जुलैत, दुसरा एक वटहुकूम आला. तो आता विस्मरणात गेला आहे, पण त्या पिढीतल्या नोकरदाराला विचारा, चटकन आठवेल: सक्तीच्या ठेवीचा. पगारात झालेली नवी वाढ सगळी आणि महागाई भत्त्यातल्या वाढीतला अर्धा हिस्सा सरकारकडे ठेव म्हणून जमा करायचा, पुढे हप्त्याहप्त्याने परत मिळेल. महागाई रोखायची तर लोकांच्या खिशात पैसा कमी खेळला पाहिजे, असे त्यामागचे अर्थशास्त्र. खिसे कोणाचे हे मात्र आधीच ठरलेले होते. ज्याचा पगार सरकारच्या किंवा कंपनीच्या वहीत नोंदलेला असतो, त्याचाच खिसा सरकारला दिसतो. काळ्या बाजारात तूरडाळ दाबून ठेवणाऱ्याचा दिसत नाही. १९७५चा बोनसचा वटहुकूम याच धोरणाचा पुढचा हप्ता होता.

आता गिरणीतल्या माणसाचा हिशेब करू. समजा महिन्याला २५० रुपये पगार. वर्षाचे ३,००० झाले. ८.३३ टक्क्यांनी हातात येतात २५० रुपये, ४ टक्क्यांनी १२०. फरक १३० रुपयांचा. आज हा आकडा हसण्यावारी जाईल, पण वऱ्हाडात दिवाळीची खरेदी तेव्हा उधारीवर चालायची. कापडवाल्याची, किराणावाल्याची वही श्रावणापासून भरत जायची आणि ‘बोनस झाला की देतो’ एवढ्या एका वाक्यावर ती वही उघडी राहायची. अर्धा बोनस गेला म्हणजे नवे कपडे गेले एवढेच नव्हे, जुनी बाकी तशीच पुढच्या वर्षात गेली आणि दुकानदाराच्या बोलण्यातला सूर बदलला. कापसाचा पैसा बाजारात खेळता असता तर काही सावरले असते. पण कापूस १९७२पासून सरकारच्या एकाधिकार खरेदीत होता आणि शेतकऱ्याचे पैसेही हप्त्यांत यायचे.

शिल्लक असेल तरच बोनस, ही अट तर सरकारी गिरणीच्या कामगाराच्या जिव्हारी लागावी अशी. त्याची गिरणी सरकारने घेतली ती आजारी म्हणून. जुनी यंत्रे, थकलेली देणी, मालकाने चोखून टाकलेले भांडवल. तिच्यात वाटपायोग्य शिल्लक निघायची कधी? गिरणी बुडवली मालकाने, ताब्यात घेतली सरकारने आणि तोट्याच्या वर्षी बोनस नाही हे ऐकायचे साच्यावरच्या माणसाने.

कामगार संघटनांची त्या वेळची अवस्था बघण्यासारखी होती. समाजवादी नेते तुरुंगात किंवा भूमिगत. श्रीपाद अमृत डांगे यांचा भारतीय कम्युनिस्ट पक्ष तर आणीबाणीचा पाठीराखा. ज्यांची सारी हयात गिरणगावात गेली, त्यांच्या पक्षाला एकीकडे इंदिरा गांधींच्या वीस कलमी कार्यक्रमाचे स्वागत करायचे होते आणि दुसरीकडे बोनस-कपातीला विरोध. दोन्ही एकाच सभेत बोलायचे म्हणजे कसरतच. सभा तरी कुठे होत्या? संप करावा तर भारत संरक्षण नियम, बोलावे तर विनाचौकशी स्थानबद्धतेचा मिसा कायदा. रस्ता बंद असल्यावर उरले कोर्ट. तिथे जाण्याइतका भक्कम कागद एकाच गटाकडे होता: आयुर्विम्याच्या कारकुनांकडे.

१९ जानेवारी १९५६च्या रात्री अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आकाशवाणीवरून आयुर्विमा ताब्यात घेतल्याची घोषणा केली. २४५ विमा कंपन्या आणि संस्था मिळून १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. या कंपन्यांतल्या कर्मचाऱ्यांची संघटना महामंडळाहून वडील होती. अखिल भारतीय विमा कर्मचारी संघटना १९५१ सालीच मुंबईत स्थापन झाली होती. राष्ट्रीयीकरण व्हावे म्हणून याच मंडळींनी आवाज उठवला होता. त्यामुळे पुढे सरकारशी भांडताना ‘आम्हीच तुम्हाला मालक केले’ अशी एक किनार त्यांच्या बोलण्याला कायम राहिली.

बोनसच्या १९६५च्या कायद्यातून महामंडळ वगळलेले होते. म्हणून तिथला बोनस ठरायचा तो वाटाघाटीने. २४ जानेवारी आणि ६ फेब्रुवारी १९७४ला महामंडळ आणि कर्मचाऱ्यांच्या संघटना यांच्यात करार झाले. त्यांची मुदत १ एप्रिल १९७३पासून चार वर्षे. तिसऱ्या आणि चौथ्या वर्गातल्या, म्हणजे कारकून, टंकलेखक ते शिपाई अशा प्रत्येकाला वार्षिक पगाराच्या १५ टक्के रोख बोनस. नफ्यातला वाटा म्हणून वेगळे काही मागायचे नाही, पण हे १५ टक्के पक्के. केंद्र सरकारची या कराराला मंजुरी होती. हे महत्त्वाचे, कारण पुढे हात वर केले ते याच सरकारने.

दोन वर्षे पैसे बिनबोभाट मिळाले. मग सप्टेंबर १९७५चा वटहुकूम आला. तो महामंडळाला लागू नव्हताच, पण सरकारने सांगितले की ज्या आस्थापना कायद्याबाहेर आहेत त्यांनी बोनस देऊ नये. सरकार ठरवील तेवढी सानुग्रह रक्कम द्यावी. महामंडळाने तसे आदेश काढले. एप्रिल १९७६च्या पगाराबरोबर १९७५-७६चा बोनस यायला हवा होता. तो आला नाही. महिना ५०० रुपये उचलणाऱ्या कारकुनाचे ९०० रुपये एका परिपत्रकाने गायब झाले.

कर्मचारी कलकत्ता उच्च न्यायालयात गेले. आणीबाणी ऐन भरात होती. एप्रिलच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धांना कोर्टाची दारे बंद करणारा निकाल दिला होता. त्या वातावरणात २१ मे १९७६ला कलकत्त्याच्या एकसदस्य न्यायपीठाने आदेश दिला: करार हा करार आहे, पैसे द्या. आठ दिवसांत, २९ मेला, सरकारने उत्तर दिले ते थेट कायद्याने. एवढुसा कायदा. आशय इतकाच की १९७४च्या करारातली बोनसची तरतूद १ एप्रिल १९७५पासून अस्तित्वातच नव्हती असे समजावे. महामंडळाने कलकत्त्याच्या निकालावर अपील केले होते, पण आता कायदाच हाती आल्यावर ते पुढे चालवण्याची तसदी त्याच्या वकिलांनी घेतली नाही. त्या आळसाची किंमत पुढे मोजावी लागली.

कायद्याविरुद्धच्या याचिका सर्वोच्च न्यायालयात दाखल झाल्या. ‘मदन मोहन पाठक विरुद्ध भारत सरकार’ या नावाने ते प्रकरण ओळखले जाते. युक्तिवाद कशाच्या आधारे करायचा, हा पेच होता. समानतेचा हक्क राष्ट्रपतींच्या आदेशाने जून १९७५मध्येच गोठला होता. संघटनास्वातंत्र्य ज्यात येते ते एकोणिसावे कलम जानेवारी १९७६मध्ये. एक हक्क मात्र कोणी गोठवला नव्हता, तो म्हणजे मालमत्तेचा, कलम ३१. आणि कारकुनांची बाजू त्याच कलमावर उभी राहिली. बोनस हे महामंडळाने द्यायचे पक्के देणे आहे, पक्के देणे ही मालमत्ता आहे आणि सरकारने ती मोबदला न देता हिसकावून स्वतःच्याच महामंडळाला दिली आहे.

या मुद्द्यावर थांबावेसे वाटते. सहाच वर्षांपूर्वी, १९७०मध्ये, रुस्तम कूपर यांनी बँकांच्या भागधारकांसाठी याच कलमाचा आधार घेऊन बँक राष्ट्रीयीकरणाचा कायदा पाडला होता, आणि देशभरच्या डाव्या संघटनांनी त्या कलमाला शिव्या घातल्या होत्या. जमीनदारांचे, संस्थानिकांचे, शेठजींचे म्हणून बदनाम झालेले ते कलम आता शिपायाच्या पंधरा टक्क्यांसाठी कामी येत होते. संघटनेच्या लोकांना हे खटकले असेल का? असेल तरी त्यांनी ते गिळले, आणि बरे केले.

निकाल लागेपर्यंत देश पालटला. मार्च १९७७मध्ये जनता पक्ष आला आणि त्याच वर्षी ८.३३ टक्के किमान बोनस परत आला. गिरणीतल्या माणसाची दोन दिवाळ्यांची लूट थांबली, पण मागची भरून निघाली नाही. २१ फेब्रुवारी १९७८ला सात न्यायाधीशांच्या पीठाने १९७६चा कायदा घटनाबाह्य ठरवला. न्या. भगवती यांनी मालमत्तेच्या कलमाबरोबरच दुसरी फटही दाखवली: कलकत्त्याचा आदेश अपिलात रद्द झालेला नाही आणि नव्या कायद्याने तो रद्द केलेलाही नाही, तेव्हा तो महामंडळावर बंधनकारकच आहे. ज्या अपिलाचा नाद सोडला ते असे अंगलट आले. सरन्यायाधीश बेग यांचा तो पदावरचा शेवटचा दिवस. दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागी आले यशवंतराव चंद्रचूड, तेही याच पीठावर होते आणि निकालाशी सहमत होते.

याच मालमत्तेच्या कलमाचे पुढे काय झाले? जनता सरकारने घटनेची ४४वी दुरुस्ती करून ते मूलभूत हक्कांतून काढून टाकले. जून १९७९पासून ते नाहीच. कारकून वेळेत पोचले.

रेल्वेकडे मधू दंडवते मंत्री म्हणून आले. १९७४च्या संपात काढून टाकलेल्यांना त्यांनी परत घेतले. दिवाळीत बोनस मात्र त्यांच्या कारकिर्दीत आला नाही. पंतप्रधान मोरारजी देसाईंकडून अशा बाबतीत औदार्याची अपेक्षा कोणी ठेवली नव्हती. तो आला १९७९च्या अखेरीस, चरणसिंगांच्या काळजीवाहू सरकारच्या हातून, उत्पादकतेशी जोडलेला बोनस म्हणून. वीस दिवसांच्या संपाने जे मिळाले नाही ते निवडणुकीच्या तोंडावर मिळाले. संप वाया गेला असे यावरून म्हणता येईल का? मला तसे वाटत नाही. ती मागणी इतक्या लोकांनी तुरुंगात जाऊन मांडली नसती तर काळजीवाहू सरकारला सुचायची कुठून?

विम्याच्या गोष्टीचा शेवट इतका गोड नाही. कराराची चार वर्षे १९७७मध्ये संपली होती. महामंडळाने तो संपुष्टात आणल्याची नोटीस दिली आणि नव्या अटी एकतर्फी लागू करायचा प्रयत्न केला. पुन्हा कोर्ट. १० नोव्हेंबर १९८०ला न्या. कृष्ण अय्यर आणि न्या. पाठक यांनी बहुमताने सांगितले की औद्योगिक विवाद कायद्याखालचा करार मुदत संपल्याने मरत नाही. नवा करार किंवा निवाडा येईपर्यंत जुनाच चालतो. पंधरा टक्के पुन्हा जिवंत झाले.

जेमतेम पावणेतीन महिने टिकले. १९८१च्या जानेवारीअखेर इंदिरा गांधींच्या सरकारने वटहुकूम काढून महामंडळाच्या मूळ कायद्यातच बदल केला. कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती आता सरकार नियमांनी ठरवणार, औद्योगिक विवाद कायदा काय म्हणतो याची फिकीर न करता. २ फेब्रुवारीला नियम आले आणि त्यांत बोनस नव्हता. या वेळी मसुदा करणाऱ्याने १९७६ची चूक टाळली होती. पाच वर्षांत सरकार काय शिकले, ते त्या मसुद्यात दिसते: करारातले एक कलम खोडण्याऐवजी करार करण्याची जागाच काढून घ्या. ‘नाचणे विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात १९८२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. फक्त आधीच्या निकालाने मिळालेला हक्क नियमांना पूर्वलक्षी प्रभावाने पुसता येणार नाही, एवढे राखून ठेवले. म्हणजे २ फेब्रुवारी १९८१पर्यंतचे १५ टक्के कर्मचाऱ्यांचे, त्यानंतरचे सरकारच्या मर्जीचे.

लढाईत तीनदा सर्वोच्च न्यायालयात बाजू मांडून, दोनदा पुरते आणि एकदा अर्धवट जिंकून संघटनेच्या हाती थकबाकी आली आणि बोनस गेला. मॅक्लिऑड समितीने १९२४मध्ये जे म्हटले होते, तिथेच विम्याचा कारकून सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांनी येऊन उभा राहिला, फरक इतकाच की आता मालक गिरणीवाला शेठ नव्हता.

अकोल्याच्या स्टेशनातली मीटरगेज आता उरली नाही. पूर्णेकडची गाडी मोठ्या लाइनवरून जाते. तिथल्या रेल्वे कर्मचाऱ्याला दसऱ्याच्या सुमारास ७८ दिवसांचा बोनस जाहीर झाल्याची बातमी दरवर्षी ठळक मथळ्याने येते. ७८ दिवसांचा पगार म्हणजे किती? हिशेबासाठी महिन्याचा पगार ७,००० रुपये धरतात, मग प्रत्यक्षात तो कितीही असो. हाती येतात जास्तीत जास्त १७,९५१ रुपये. सातव्या वेतन आयोगाने किमान मूळ वेतनच १८,००० केले, त्याला बरीच वर्षे झाली. ७,००० ची मर्यादा उठवा म्हणून रेल्वे संघटना मंत्रालयाला पत्रे लिहीत आहेत.